कासवीण अंड्यावर आलीय, आता काय करू?

उन्हाळा लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रंगच बदलतो, कुत्रं-मांजर मागे पडतं आणि कासवांची अंडी पुढे येतात. यावेळी तर पत्रांचा गठ्ठाच आला, म्हणून सगळं सदर त्यालाच दिलंय. आपल्याकडे दुकानांतून 'लकी कासव' म्हणून जे मिळतं ते बहुतेक करून रेड इअर्ड स्लायडर असतं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं, मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. मी वेगळं काही म्हटलं नसेल तर खालची उत्तरं याच कासवाबद्दल आहेत. माझ्या घरी ठकी नावाची कासवीण १४ वर्षं आहे, त्यामुळे बरंचसं तिच्याकडूनच शिकलेलं सांगतेय.

ताई, आमच्याकडे एकच कासव आहे, दुसरं कधी आणलंच नाही. दहा रुपयांच्या नाण्याएवढं होतं तेव्हा आणलं, आता आठ वर्षांचं झालं. परवा टाकी साफ करायला गेले तर पाण्यात तळाशी पाच पांढरी लांबट अंडी, त्यातलं एक तिनेच अर्धं खाल्लेलं. नर नसताना अंडी कशी आली? उबवली तर पिल्लं निघतील का? मुलगी रडतेय, फेकू देत नाहीये.
— एक काकू, नाशिक

काकू, कोंबडी कशी कोंबडा नसला तरी अंडी देते, तसंच आहे हे. मादी वयात आली, अंगाने भरली की अंडी तयार होतात, नर असो नसो. तुमची नाण्याएवढी असल्यापासून एकटी आहे म्हणजे त्या अंड्यांत नराचं बीज नाही, कितीही उबवली तरी काही निघणार नाही. मुलीला तसंच सांगा, की आत पिल्लू नव्हतंच, आपण कुणाला मारत नाही आहोत.

ज्यांच्याकडे आधी नर होता आणि नंतर दिला किंवा मेला, त्यांनी मात्र असं धरून चालू नये. कासवीण नराचं बीज पोटात साठवून ठेवते आणि नर गेल्यावर वर्षभराने, कधी त्याच्याही नंतर घातलेल्या अंड्यांतून पिल्लं निघू शकतात. मला दरवर्षी एक तरी पत्र येतंच, 'नर तर मागच्या वर्षीच देऊन टाकला मग हे कसं' म्हणून.

स्वतःचं अंडं खाल्लं म्हणून घाबरू नका, पाण्यात पडलेलं अंडं तिच्या दृष्टीने खाणंच आहे. पण तिने पाण्यात अंडी का घातली याचा विचार करा. कासवीण कधीच हौसेने पाण्यात अंडी घालत नाही, तिला माती लागते. माती मिळाली नाही म्हणून थांबली, थांबली आणि शेवटी सुटली ती पाण्यात. यावेळी सुटली हे नशीब. सगळीच सुटलीत का ते पण बघा, दोन-तीन दिवसांत नीट खायला लागली नाही तर एक्स-रे काढून घ्या. आणि आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात समुद्रफेन, म्हणजे माकूळ माशाचं पांढरं हाड, मिळतो, त्याचा तुकडा टाकीत टाकून ठेवा, कुरतडत बसेल, अंड्याच्या कवचात तिचं कॅल्शियम गेलंय ते भरून निघायला मदत होईल. माती कशी ठेवायची ते पुढच्याच उत्तरात आहे, ते नक्की वाचा.

आमची कासवीण चार दिवस झाले काहीच खात नाही. काचेवर सारखी धडका मारते, मागच्या पायांनी तळ उकरते, रात्रभर आवाज. दुकानदाराने व्हिटॅमिनचे थेंब दिले, फरक नाही. काल मागून थोडा चिकट पाण्यासारखा स्राव दिसला. काय असेल?
— एक दादा, कोल्हापूर

दादा, तुम्हाला त्याच दिवशी कळवलं होतं आणि तुम्ही तिला लगेच डॉक्टरकडे नेलंत, सात अंडी निघाली, ती वाचली, मला फार बरं वाटलं. पण हे इतर सगळ्यांसाठी परत लिहितेय, कारण घरच्या कासविणी ज्या कारणाने उगाचच मरतात त्यातलं हे एक मोठं कारण आहे आणि ते टाळता येतं.

खाणं सोडणं, चैन नसणं, टाकीतून बाहेर पडायची धडपड, मागच्या पायांनी उकरणं, ही अंड्यावर आल्याची लक्षणं आहेत. एवढ्यावर घाबरायचं काही नाही, तिला जागा द्यायची. पण जागा देऊनही दोन-तीन दिवसांत अंडी घातली नाहीत, किंवा सुस्त पडली, जोर लावतेय पण काही येत नाही, मागून स्राव किंवा रक्त दिसलं, तर अंडी अडकलीत असं समजा आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या डॉक्टरकडेच न्या. एक्स-रेमध्ये अंडी स्पष्ट दिसतात. मग कॅल्शियम आणि कळा येण्याचं इंजेक्शन देतात, बहुतेक वेळा काम होतं, नाहीच झालं तर ऑपरेशन. घरी मागच्या पायांपुढे बोटं घालून दाबून बघू नका, आत अंडं फुटलं तर पोटात पसरतं आणि मग वाचवणं अवघड जातं.

आता जागा कशी द्यायची. मोठं घमेलं, जुना टब, प्लास्टिकचा क्रेट, काहीही चालेल पण ऐसपैस हवं, तिला गोल फिरता आलं पाहिजे. त्यात निम्मी माती निम्मी वाळू, निदान ८ ते १० इंच खोल. हातात घेऊन मुठीत दाबली तर गोळा व्हावा पण पाणी निथळू नये इतकी ओली, कोरडी असेल तर खड्डा ढासळतो आणि ती वैतागून सोडून देते. माणसांची वर्दळ नसलेल्या कोपऱ्यात ठेवा. आणि तिला बघत समोर उभं राहू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं. कुणी बघतंय म्हटलं की ती अर्धा खणलेला खड्डा टाकून परत पाण्याकडे वळते.

मी ठकीला दाराच्या फटीतून पहिल्यांदा बघितलं तो दिवस मला अजून तसाच्या तसा आठवतो. आधी पाऊण तास नुसती हिंडली, नाक मातीला लावून वास घेत. मग एका जागी बसली ती बसलीच, पुढचे पाय रोवून. मागचा उजवा पाय आत घातला, तळव्याची ओंजळ केली, लिंबाएवढी माती उचलली, बाहेर आणून बाजूला ठेवली, मग डावा पाय, मग परत उजवा. एकदाही मागे वळून बघितलं नाही, सगळं काम पायाच्या अंदाजावर. माती घट्ट लागली तर आपल्याच अंगातलं पाणी सोडून भिजवून घेतली. खड्डा वरून अरुंद आणि खाली फुगीर, अगदी सुरईसारखा. मग एकेक अंडं, आणि प्रत्येक अंडं पडलं की मागच्या पायाने ते हळूच आत सरकवायचं. शेवटी माती ओढून घेतली आणि पोटाकडच्या कवचाने दाबून अशी सपाट केली की खड्डा कुठे होता ते मला हुडकावं लागलं. अडीच तास चाललं हे सगळं, मग पाण्यात गेली आणि आधाशासारखी खाल्लं. एवढं करायचं जिच्या अंगात भरलंय तिला आपण गुळगुळीत काचेच्या पेटीत ठेवतो, मग ती धडका मारणार नाही तर काय करणार हो.

तेव्हा ज्यांच्या कासविणीचं कवच सहा इंचांच्या पुढे गेलंय त्यांनी आजच मातीचं घमेलं भरून ठेवा, नर असो वा नसो. शिवाय रोज सकाळचं कोवळं ऊन अर्धा तास, शेजारी सावली ठेवून. काचेतून आलेलं ऊन चालत नाही, त्यातला कामाचा भाग काच अडवते.

आमच्या जोडीतल्या मादीने कुंडीत नऊ अंडी घातली. ५० दिवस झाले. कापूस घालून डब्यात फ्रिजवर ठेवलीत, रोज फिरवतो, कोंबडीसारखी. तीन काळी पडून वास यायला लागला, एकाला खड्डा पडलाय. इथं ऊन म्हणजे विचारू नका, लाईट पण जाते. बाकीची निघतील का?
— एक वाचक, परभणी

भाऊ, आधी फिरवणं बंद करा, आत्ताच्या आत्ता. ही चूक मी स्वतः केली आहे. ठकीची पहिली आठ अंडी, तेव्हा तिच्यासोबत नर होता, मी दिवसातून दोनदा प्रेमाने फिरवायचे, कारण लहानपणी आजोळी खुडूक कोंबडी तसं करते हे बघितलं होतं. आठच्या आठ गेली. पाच फोडून बघितली, दोघांत नखाएवढं पिल्लू होतं, डोळ्याचा काळा ठिपका दिसत होता. ते मी अजून विसरलेली नाही.

कोंबडीच्या अंड्यात जीव दोऱ्यांनी मधोमध टांगलेला असतो, म्हणून फिरवलं तर चालतं, उलट फिरवावंच लागतं. कासवाच्या अंड्यात तसे दोर नसतात. घातल्यापासून एखाद्या दिवसात जीव कवचाच्या वरच्या बाजूला आतून चिकटतो आणि तिथूनच वाढतो, अंडं उलटं झालं की तो सगळ्या बलकाच्या वजनाखाली जातो किंवा सुटून येतो. म्हणून अंडी उचलायची झाली तर पहिल्या काही तासांत, आणि उचलण्याआधी वरच्या बाजूला शिसपेन्सिलने बारीक खूण करायची, पेनाने नाही. मग ती खूण शेवटपर्यंत आभाळाकडेच.

बाकीची जिवंत आहेत का बघायचं तर रात्री दिवे घालवून, अंडं जागचं न हलवता, बाजूने मोबाइलचा टॉर्च लावा. लालसर नसा आणि गडद सावली दिसली तर आशा आहे, नुसता पिवळा उजेड आरपार आला तर आत काही नाही. वास येणारी तीन काढून टाका. नुसती बुरशी आली म्हणून चांगलं अंडं टाकू नका, त्याच्यासकट पिल्लं निघालेली मी बघितली आहेत. खड्डा पडलेलं म्हणजे कोरडं पडलंय, या अंड्यांचं कवच चामड्यासारखं असतं, ओल कमी झाली की आत जातं. कापूस काढाच, तो एक तर चिंब होतो नाही तर ठणठणीत कोरडा. नर्सरीत व्हर्मिक्युलाइट नावाचं ओल धरून ठेवणारं हलकं खनिज मिळतं, त्यात वजनाने तेवढंच पाणी मिसळा, अंडी अर्धी त्यात रुततील अशी ठेवा, झाकणाला दोन-चार बारीक भोकं. पाणी परत घालायचं झालं तर कडेने, अंड्यावर नाही.

आता ऊन. अंड्यांना २६ ते ३० अंश मानवतं, ३३-३४ च्या पुढे गेलं की पिल्लं व्यंग घेऊन येतात किंवा आतच मरतात, आणि फ्रिजच्या डोक्यावर तर मागची गरम हवा लागते. तुमच्याकडे एप्रिल-मेमध्ये घरात पण ३६-३८ सहज असतं. डबा थर्माकोलच्या खोक्यात घालून आतल्या खोलीत जमिनीवर, माठाच्या शेजारी ठेवा, खोक्याभोवती ओलं गोणपाट गुंडाळा, आत थर्मामीटर ठेवा आणि दिवसातून तीनदा बघा. लाईट गेली तरी ही व्यवस्था चालू राहते, मशीनपेक्षा मला हीच भरवशाची वाटते.

नर-मादी पण याच उबेवर ठरतं. २६-२७ अंशांवर जवळपास सगळे नर, ३१ च्या पुढे जवळपास सगळ्या माद्या, मधे साधारण २९ ला मिसळ. आणि ठरतं ते उबवणीच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात, म्हणजे तुमचं ठरून गेलंय, वाचलीत तर माद्याच असतील असं धरा.

५० दिवस झालेत म्हणजे रोज बघत राहा, ६० ते ८० दिवसांच्या मधे कधीही फुटतील. पिल्लाच्या नाकाच्या टोकावर एक बारीक टोकेरी दात असतो, त्याने ते कवच फाडतं, मग डोकं बाहेर काढून तसंच बसतं, कधी कधी दोन दिवस. माझा हात तेव्हा शिवशिवतो, तुमचाही शिवशिवेल, पण ओढायचं नाही. पोटाला बलकाची पिवळी पुरचुंडी लटकलेली असते, ती आत ओढून घ्यायला त्याला तो वेळ लागतो, ती फुटली तर पिल्लू गेलं. बाहेर आल्यावर पुरचुंडी दिसत असेल तर ओल्या टिश्यू पेपरवर डब्यातच ठेवा, ती पूर्ण आत गेल्यावरच उथळ पाण्यात.

आणि भाऊ, ही जी दोन-चार निघतील ती कुठे राहणार ते आत्ताच ठरवा. प्रत्येक मादी ताटाएवढी होते आणि २०-३० वर्षं जगते. यापुढच्या खेपेला काय करायचं ते खालच्या उत्तरात आहे.

मला स्लायडरची जोडी लावून पिल्लं विकायचा छोटा बिझनेस करायचाय. नर-मादी ओळखायचे कसे आणि वर्षाला किती पिल्लं मिळतील?
— एक तरुण वाचक, ठाणे

ओळखायचं असं, की नराची पुढच्या पायांची नखं लांबच लांब असतात, शेपटी जाड आणि लांब असते, आणि अंगाने तो मादीपेक्षा लहान राहतो. कवच चार इंचांचं झाल्याशिवाय खात्रीने सांगता येत नाही. नर मादीच्या तोंडासमोर पोहत येऊन ती लांब नखं तिच्या गालांपाशी थरथरवतो, ते बघायला खरंच सुंदर असतं. पण छोट्या टाकीत मादीला पळायला जागा नसते, तो तिला चावतो, मान सोलून काढतो, पाण्याखाली दाबून धरतो. वर्षात तीन-चार खेपा अंडी, एका खेपेला बहुधा सहा ते दहा-बारा, म्हणजे हिशोब तुझा तूच कर.

आणि हिशोब करून झाला की हा धंदा करू नकोस असं मी तुला मनापासून सांगतेय. एक मादी वर्षाला २०-३० पिल्लं देणार, ती नाण्याएवढी असताना लोक घेणार, तीन वर्षांनी टाकी पुरेनाशी झाली, पाण्याला वास यायला लागला की पिशवीत घालून तलावात सोडणार. पुण्य मिळालं असं समजून सोडतात, हे जास्त वाईट आहे. जगातल्या सगळ्यात घातक १०० उपऱ्या प्रजातींच्या यादीत हे कासव आहे, आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या. युरोपने १९९७ मध्ये त्याची आयात थांबवली, जपानने २०२३ मध्ये विक्री आणि सोडणं दोन्ही बंद केलं. आपल्या तळ्यांतली देशी कासवं ज्या दगडावर ऊन खातात, जे खातात, ते सगळं हे धिप्पाड पाहुणे बळकावतात.

मी स्वतः आता ठकीची अंडी उबवत नाही. तिला मातीत मनासारखी घालू देते, ती पाण्यात गेली की त्याच दिवशी उकरून काढते आणि फ्रीजरमध्ये दोन-तीन दिवस ठेवते, तेव्हा आत अजून काही घडायला लागलेलं नसतं. मग गुलाबाच्या मुळाशी पुरते. घरात ज्यांच्याकडे जोडी आहे त्या प्रत्येकाने हेच करावं, आणि जमलं तर नर वेगळ्या टाकीत. तुला कासवंच आवडत असतील तर लोकांनी सोडून द्यायला काढलेली मोठी कासवं सांभाळ, त्यांना घर मिळत नाही.

वेळासला कासव महोत्सवाला जाऊन आलो, पोरं वेडी झाली. परत येऊन आठवडा झाला तोच आमच्या विहिरीजवळच्या बांधाला माती ओढताना सात-आठ गोल कडक पांढरी अंडी निघाली. विहिरीत मऊ पाठीची कासवं आहेतच. वेळाससारखी घरी उबवून विहिरीत सोडू का?
— एक शेतकरी वाचक, फलटण

दादा, तुमचा हेतू चांगला आहे पण घरी नेऊ नका. रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरच्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये काम सुरू केलं, तेव्हापासून गावातले कासवमित्र पहाटे किनारा चालून ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची घरटी शोधतात, शंभर-सव्वाशे अंडी काही तासांच्या आत न फिरवता उचलतात आणि किनाऱ्यावरच कुंपण घातलेल्या जागेत, तेवढ्याच खोलीचा, तसाच खड्डा करून परत वाळूतच पुरतात. हे सगळं वनविभागाच्या परवानगीने. मला त्यात सगळ्यात आवडतं ते हे, की उबवायला माणसाने काही केलंच नाही, समुद्राची वाळू आणि ऊन यांनीच केलं, माणसाने फक्त कुत्री, कोल्हे आणि चोर आडवले.

तुम्ही पण तेवढंच करा. तुमची अंडी बहुतेक त्या मऊ पाठीच्या देशी कासवाचीच आहेत, गोल आणि कडक कवचाची म्हणजे तीच. ती कधी घातली हे आपल्याला माहीत नाही, म्हणून जशी निघाली तशीच, वरची बाजू वरच ठेवून, त्याच जागी परत मातीखाली ठेवा. चार काठ्या रोवा, वर काटेरी फांद्या टाका म्हणजे मुंगूस आणि कुत्री उकरणार नाहीत, आणि तेवढा तुकडा नांगरातून सोडा. यांना पिल्लं निघायला कित्येक महिने लागतात, अंड्यातला जीव अधेमधे थांबून राहतो आणि पावसाची वाट बघतो, तेव्हा दोन महिन्यांत काही झालं नाही म्हणून उकरून बघू नका.

आणि हे कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या, अनुसूचीत आहे, अंडी घरी ठेवणं हाही गुन्हाच धरला जातो. वनविभागाचा १९२६ हा नंबर फिरवा, जागा सांगा. पोरांना घेऊन रोज संध्याकाळी लांबून एक चक्कर मारा, तुमच्या बांधावरच वेळास आहे.

नातेवाइकांनी दोन स्टार कासवं दिली, मोठी झालीत, नर-मादी आहेत. ब्रीडिंगसाठी काय खायला द्यावं?
— पत्त्याशिवाय आलेलं पत्र

काहीही देण्याआधी १९२६ ला फोन करा. स्टार कासव आपलं देशी कासव आहे, वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने ते पहिल्या अनुसूचीत गेलंय, २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आहे. घरी ठेवणं, पैदास करणं, कुणाला देणं, सगळंच बेकायदा आणि शिक्षा किमान तीन वर्षांची. स्वतःहून सुपूर्द करा. पाठीवरच्या चांदण्यांपायी ही कासवं पोत्यात कोंबून नेली जातात, त्यातली किती वाटेत मरत असतील याचा विचार करून माझ्या पोटात कालवतं.

आम्ही टेक्सासमध्ये ऑस्टिनला राहतो. घरामागच्या ओढ्यातून एक स्लायडर आली आणि फुलझाडांच्या वाफ्यात खड्डा करून अंडी घालून गेली. तुम्ही नेहमी स्लायडरबद्दल कडक लिहिता, मग ही काढून टाकू का?
— एक वाचक, ऑस्टिन

नाही नाही, अजिबात नाही! तिचं घर तेच आहे, पाहुणे तुम्ही आहात. हेच कासव ठाण्याच्या तलावात उपरं आणि तुमच्या ओढ्यात मूळ रहिवासी, माझा कडकपणा जागेबद्दल असतो, कासवाबद्दल नाही. वाफ्याला पाणी बेताने घाला, खणू नका. रकून नावाचे तुमच्याकडचे प्राणी रात्री येऊन अंडी खातात, म्हणून वर तारेची जाळी विटांनी दाबून ठेवा, पण बुडाशी पिल्लू निघून जाईल एवढी फट ठेवा. उन्हाळा संपला तरी कुणी बाहेर आलं नाही तर उकरू नका, पिल्लं अंड्यातून निघूनही सबंध हिवाळा तिथेच मातीत काढतात आणि वसंतात वर येतात. फोटो मात्र पाठवा.

ताई, मी सातवीत आहे. आजी म्हणते कासवीण पिल्लांना दूध पाजत नाही, नुसतं लांबून बघते आणि तिच्या नजरेनेच पिल्लं मोठी होतात. हे खरं आहे का? आमच्या मामाकडे चार पिल्लं निघालीत, त्यांची आई त्यांना ओळखेल का? ती तीन दिवस काहीच खात नाहीत. माझी छोटी बहीण त्यांना हातात घेऊन पापी घेते. आणि ठकीचा फोटो पाठवाल का?
— एक वाचक, सातारा

बाळा, आजीने सांगितलं ते आपल्या संतांच्या अभंगांत आहे, देवाची माया कशी असते ते सांगायला त्यांनी कासवीची नजर घेतली, म्हणून ते मनाला लागतं. खरी कासवीण मात्र अंडी पुरून निघून जाते आणि पिल्लांना ओळखत नाही. त्याच टाकीत ठेवलं तर ती त्यांना चावेल, खाईल सुद्धा, म्हणून मामाला सांग वेगळं ठेवायला. पण तिने काहीच दिलं नाही असं समजू नकोस. अंड्यात तिने बलक भरून ठेवला होता, पिल्लू तो पोटात घेऊनच बाहेर येतं, आईने बांधून दिलेली शिदोरी म्हण ना. ती संपेपर्यंत त्याला भूक लागत नाही, म्हणून तीन दिवस खाल्लं नाही तर काळजी नको, कधी आठवडा पण जातो. मग कासवाचं बारीक खाणं आणि डासांच्या अळ्या देऊन बघा. पाणी त्याच्या कवचाइतकंच खोल, आणि वर चढून बसायला एक दगड.

बहिणीची पापी मात्र आजपासून बंद, हे तू मोठा म्हणून तुझं काम. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावर पण साल्मोनेला नावाचे जंतू असतात, त्याने लहान मुलांना जुलाब आणि ताप येतो, कधी कधी दवाखान्यात ठेवावं लागतं. अमेरिकेत याच कारणाने १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कासव विकायला बंदी आहे, कारण मुलं ती तोंडात घालायची. हात लावला की साबणाने धुवायचे, आणि टाकीचं पाणी स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये ओतायचं नाही, हे मामीला पण सांग.

ठकीचा फोटो तुझ्या पत्त्यावर पाठवलाय, मातीच्या घमेल्यात बसलेली आहे. मागच्या पायाला चिकटलेला चिखल बघ, ती तेव्हा नुकतीच खड्डा बुजवून उठली होती.